आडवे टक्के, उभे टक्के

३ फेब्रुवारी, सोमवार

"ही पोरगी कपाट फार सुंदर लावते," असं आत्या एकदा म्हणाली होती. मी नऊ-दहा वर्षांची असेन. सुट्टीतल्या दुपारी बाबा मला तिच्या वाचनालयात सोडून जायचे, तेव्हाची गोष्ट. त्यापुढंही ती काहीतरी बोलली होती. ते आठवत नाही. मुद्दा कपाटाचा.

आज ते वाक्य दिवसभर कानात. कारण ऑफिसात नवीन सॉफ्टवेअर आलं आणि साहेबांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. आम्ही लोकांची मतं गोळा करतो आणि ज्याला हवी त्याला तक्त्यांत मांडून देतो. आजवर मांडणीचं काम शंकाराव करायचा. (खरं नाव वेगळं. पण त्याच्या चहात साखर घातली तरी 'नक्की साखरच ना?' असं विचारतो.) आता नव्या सॉफ्टवेअरमध्ये तक्ते मी मांडणार. शंकाराव आज रजेवर होता, पण त्याचा नि या निवडीचा काही संबंध नाही.

निश्चय: सगळं मुळापासून शिकायचं. घाई करायची नाही. कुणाला तुच्छ लेखायचं नाही.

४ फेब्रुवारी

सॉफ्टवेअरबरोबर शिकवणीचे व्हिडिओ आलेत. पहिला पाहिला. त्यातला माणूस इतका सावकाश बोलतो की दोन वाक्यांच्या मध्ये मी ड्रॉवर आवरून घेतला. ड्रॉवर छान दिसतोय.

उरलेले उद्या.

५ फेब्रुवारी

उरलेले पाहिले नाहीत. विचार केला, व्हिडिओ बघून पोहायला शिकलेला माणूस कुणी पाहिलाय का? पाण्यात उतरावंच लागतं. घरी हे नवऱ्याला ऐकवलं. तो म्हणाला, न शिकता उतरलेले मात्र बरेच वर आलेत, तिसऱ्या दिवशी.

त्याला माझ्या कामातलं काय कळतंय.

६ फेब्रुवारी, दुपारी

पहिलं काम आलं. काम वाचनालयाचं. म्हणजे आत्याच्याच वाचनालयाचं.

चार शाखा आहेत. मुख्य शाखा, स्टेशनजवळची, बाजारातली आणि टेकडीवरची. त्यातली एक बंद करायची आहे. कोणती, ते वाचकांना विचारून ठरवायचं, असा वाचनालयाच्या मंडळाचा ठराव आहे. जिथले वाचक सर्वांत कमी समाधानी, त्या शाखेला कुलूप. तो आकडा तक्ता क्रमांक चारमध्ये येणार. तक्ता क्रमांक चार मी मांडणार.

आणि टेकडीवरची शाखा आत्याची. एक खोली, दोन लांब बाकं, वरच्या फळीसाठी एक शिडी आणि दारात पायपुसणं. तिला निवृत्त व्हायला अजून दोन वर्षं आहेत. ती म्हणते, शिडी चढता येतेय तोवर मी आहे.

साहेबांना हे नातं सांगावं का, याचा नीट विचार केला. सांगितलं तर नातं मध्ये येईल. नाही सांगितलं तर येणारच नाही. तेव्हा न सांगणं हाच खरा निःपक्षपातीपणा. सांगितलं नाही.

निश्चय: आत्याला यातलं एक अक्षर सांगायचं नाही.

७ फेब्रुवारी

आत्याला सांगितलं.

तिचाच फोन आला. तिनं 'काय चाललंय गं, ठमाबाई?' एवढं विचारलं. एवढ्या थेट प्रश्नाला खोटं उत्तर देणं माझ्या स्वभावात नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, बरं झालं, घरातलंच कुणीतरी आहे, नीट बघेल. मी बजावलं, की मी तिकडं भाची म्हणून बसलेली नाही. ती म्हणाली, अगं, नीट बघायला भाची कशाला लागते? नीट बघ म्हणजे झालं.

फोन ठेवताना मात्र विचारलंच तिनं. आमचं राहील ना गं? मी म्हटलं, माझ्यावर सोड.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज तक्त्याचा साचा तयार केला. हे काम माझ्यासाठीच जन्माला आलंय. उत्तरं ओळींत ओढून टाकायची: समाधानी, ठीकठाक, नाराज. शाखा स्तंभांत ओढून टाकायच्या. चार स्तंभ, चार शाखा. मथळ्याला फिका जांभळा रंग दिला. रेघा काढून टाकल्या. मोकळं मोकळं झालं.

सॉफ्टवेअर फार प्रश्न विचारतं. टक्के कशाचे हवेत? ओळीचे, स्तंभाचे की एकूणचे? जुनं सॉफ्टवेअर बिचारं काही न विचारता आपलं आपण करायचं. मी पहिल्यावर क्लिक केलं. पहिला पर्याय उगाच पहिला ठेवत नाहीत.

प्रत्येक स्तंभाखाली आणखी एक आकडा येत होता. त्या शाखेतल्या किती जणांनी उत्तरं दिली, तो. त्याला आमच्यात 'बेस' म्हणतात. इतके देखणे टक्के आणि त्यांच्या पायाशी हा गबाळा आकडा, चांगल्या साडीखाली स्लीपर घालावी तसा. लपवला. उत्तरांची संख्याही लपवली. नुसते टक्के ठेवले.

साहेब मागून जाता जाता म्हणाले, वा, हे दिसतंय छान.

सुंदर कपाट!

११ फेब्रुवारी

शंकाराव रजेवरून आला. माझ्या पडद्याकडं बराच वेळ बघत उभा राहिला. मग विचारलं, मॅडम, टक्के आडवे घेतलेत की उभे?

मी म्हटलं, सरळ घेतलेत.

तो गेला. दोन मिनिटांनी परत आला. बेस कुठं दिसत नाही म्हणाला. मी म्हटलं, आहे, आत आहे. आत असून काय उपयोग, म्हणाला. मी त्याला बिस्किट दिलं.

काम हातातून गेलं की माणूस असा होतो. वाईट वाटतं. पण म्हणून मी रंग बदलणार नाही.

१३ फेब्रुवारी, सकाळी

सगळ्या शाखांची उत्तरं आली. चहा घेऊन तक्ता क्रमांक चार उघडणार. आत्याला सांगून ठेवलंय, की दुपारपर्यंत गोड बातमी देते.

१३ फेब्रुवारी, दुपारी

समाधानी वाचक:
मुख्य शाखा साठ टक्के.
स्टेशनजवळची एकवीस.
बाजारातली तेरा.
टेकडीवरची सहा.

सहा.

चहा तसाच राहिला, वर साय धरली.

पुन्हा उघडून पाहिलं. सहाच. बेरीज करून पाहिली, साठ नि एकवीस एक्क्याऐंशी, नि तेरा चौऱ्याण्णव, नि सहा शंभर. बरोबर शंभर! म्हणजे चूक असायला जागाच नाही. इतकी नेटकी बेरीज चुकीच्या तक्त्याची येत नाही.

मन भरून आलं. ती खोली, ती शिडी. आत्या कोणत्या फळीवर काय आहे ते न बघता सांगते आणि तरी शंभरातले सहाच खूश. माणसाला आपल्या घराचा वास येत नाही म्हणतात, तसं झालं असणार तिचं.

एक क्षण मोह झाला. एका क्लिकनं काहीतरी बदलून बघावं, उगाच. हात माउसवर होता. मी तो उचलला आणि मांडीवर ठेवला. एकीकडे रक्ताचं नातं, एकीकडे आकडा. मी आकडा निवडला.

असं वागणारी माणसं आता कमी राहिलीत.

१४ फेब्रुवारी

आत्याचे तीन फोन. घेतले नाहीत. निःपक्षपाती माणसानं निकाल जाहीर होईतो बोलू नये.

चौथा घेतला. तिनं विचारलं, गोड बातमी आंबली का गं? मी म्हटलं, काम चालू आहे. मग ती आपणहून सांगत बसली. परवा एक आजोबा पाहणीचा टॅब हातात धरून म्हणाले, याच्यात 'फार फार समाधानी' असं बटण का नाही? इतकी हसत होती.

मला तिचं हसणं ऐकवेना. पण ऐकलं. तेवढं कणखर व्हावंच लागतं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

शंकाराव पुन्हा आला, या वेळी खुर्ची ओढून. म्हणाला, मॅडम, चार घरांत जाऊन विचारलं की तुमच्यातले किती जण सुखी, तर चार घरांची मिळून बेरीज शंभर कशी येईल? प्रत्येक घराचं शंभर वेगळं. तुमची आडवी बेरीज शंभर येतेय तिथंच पाणी मुरतंय. टक्के उभे करून बघा ना एकदा. एका क्लिकचं काम आहे.

एका क्लिकचं काम! नेमकी हीच भाषा. माझ्या लक्षात आलं, की याला कुठून तरी आत्याचं कळलंय आणि हा मला खूश करायला आकडे फिरवायला सांगतोय. मला त्याची कीव आली. मी त्याला शांतपणे समजावलं, की आकडा नकोसा झाला म्हणून तो उभा-आडवा करायचा नसतो. आज एकासाठी फिरवला, उद्या दुसऱ्यासाठी फिरवाल. बराच वेळ बोलले. आवाज छान लागला होता.

तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, पालथ्या घड्यावर पाणी. कुठला घडा, कळलं नाही.

१८ फेब्रुवारी

साहेबांना सगळे तक्ते दाखवले. त्यांनी पानं उलटली. जांभळा बघून म्हणाले, आपल्या ऑफिसात असं काही होऊ शकतं असं वाटलं नव्हतं. गुरुवारी मंडळासमोर मीच मांडायचं.

शंकारावानं साहेबांना दारातच गाठलं होतं. साहेब त्याला म्हणाले, अहो, तुम्हाला दिवसा उजेडाचीसुद्धा शंका येते, जरा त्यांना करू द्या. मला बरं वाटलं. मग त्याच्यासाठी वाईट वाटलं. मग पुन्हा बरं वाटलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

मांडलं.

लांब टेबल, पाण्याचे ग्लास, मंडळाचे सात सभासद आणि भिंतीवर माझा जांभळा. पहिले तीन तक्ते भराभर झाले. चौथा आला तेव्हा मी मुद्दाम थोडी थांबले. अध्यक्ष पुढं वाकले. सहा टक्के? त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सहा. एक बाई म्हणाल्या, अहो, पण मी तिकडं गेलेय, लोक खूश दिसतात. मी त्यांना हसून सांगितलं, की दिसण्यावर जाऊ नये, त्यासाठीच तर आकडे असतात.

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही.

टेकडीवरची शाखा महिनाअखेर बंद. ठराव एकमतानं. निघताना अध्यक्ष म्हणाले, इतका सोपा तक्ता आयुष्यात पाहिला नाही.

घरी येऊन दिवा न लावता बसले. नवऱ्यानं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, आज मी स्वतःच्या माणसाविरुद्ध खरं बोलले. तो वरण-भाताऐवजी बाहेरून काहीतरी मागवू का म्हणाला. कधी कधी समजतं त्याला.

२१ फेब्रुवारी

आत्याला फोन केला. तिला आधीच पत्र मिळालं होतं.

रडली नाही. सहा टक्के कसे गं, एवढंच विचारत होती. म्हणाली, पंचेचाळीस जणांनी माझ्यासमोर टॅबवर बोट टेकवलं. मी कुणाच्या पडद्यात डोकावले नाही, पण तोंडं तर दिसतात ना माणसांची.

मी तिला प्रेमानं सांगितलं, की लोक तोंडावर गोड बोलतात. आपण आपल्या कामाच्या प्रेमात असतो, आत्या, मग आपल्याला आपले दोष दिसत नाहीत. अशानं माणूस स्वतःला फसवत राहतो आणि त्याला पत्ताही नसतो.

ती म्हणाली, असेल बाई.

आवाज लहान झाला होता तिचा. मला वाटलं, कधीतरी हे तिला कुणीतरी सांगायला हवंच होतं.

२४ फेब्रुवारी, सोमवार, सकाळी

मंडळाच्या कार्यालयातून निरोप. दप्तरी ठेवायला तक्ते हवेत, पण नियमाप्रमाणे खाली बेस हवा. नियम करणाऱ्यांना सौंदर्यदृष्टी नसते. ठीक आहे. उघडते.

२४ फेब्रुवारी

बेस उघडला. टेकडीवरची शाखा: ४५.

उत्तरांची संख्याही उघडली. समाधानी: ४२.

पंचेचाळीसपैकी बेचाळीस.

सॉफ्टवेअर बिघडलंय. बंद करून चालू केलं. बेचाळीस.

पंचेचाळीसातले बेचाळीस म्हणजे सहा टक्के कसे होतील?

मुख्य शाखेत समाधानी चारशे वीस. स्टेशनजवळ एकशे सत्तेचाळीस. बाजारात एक्क्याण्णव. टेकडीवर बेचाळीस. सगळे मिळून सातशे. सातशेतले बेचाळीस, सहा टक्के.

म्हणजे तक्ता सांगत होता, की गावातल्या शंभर खूश वाचकांतले सहा टेकडीवर जातात. जाणारच. एक खोली आहे ती. दोन बाकं.

आणि मी सांगत होते, की टेकडीवरच्या शंभरातले सहाच खूश.

शंकाराव जागेवर होता. त्याच्याकडं बघितलं नाही. 'ओळीचे' होतं तिथं 'स्तंभाचे' केलं. एक क्लिक. मुख्य शाखा सहासष्ट. टेकडीवरची त्र्याण्णव. चौघींत पहिली.

रंग तसाच राहिला. जांभळा.

२५ फेब्रुवारी

शांतपणे विचार करता दोष बऱ्याच जणांचा दिसतो. सॉफ्टवेअरनं पहिला पर्याय पहिला ठेवायला नको होता. व्हिडिओतल्या माणसानं जरा भराभर बोलायला हवं होतं. शंकारावानं नीट सांगायला हवं होतं. उभे-आडवे काय, घरं काय, घडे काय, माणसानं सरळ बोलावं. मंडळातल्या त्या बाईंना लोक खूश दिसले होते, तर त्यांनी भांडायला हवं होतं. त्या माझ्या हसण्याला बिचकल्या.

हे सगळं लिहून वाचून पाहिलं. मांडणी छान आहे.

बेस नाही.

२६ फेब्रुवारी

साहेबांना सांगितलं. आधी त्यांना कळलं नाही. शंकारावाला बोलवलं. त्यानं दोन वाक्यांत सांगितलं आणि 'मी म्हणालो होतो' हे तिसरं वाक्य सांगितलं नाही. ते त्यानं म्हणावं म्हणून मी वाट बघत होते. म्हणाला नाही. वर मला बिस्किट दिलं.

साहेबांनी अध्यक्षांना फोन लावला. दार उघडंच होतं. साहेब बरंच 'हो, पण' म्हणत होते, मग नुसतं 'हो' म्हणायला लागले. ठराव झालाय. खोली दुसऱ्या कुणाला दिलीसुद्धा. पुस्तकं न्यायला गाडी सांगितलीय. दुरुस्त तक्ता पुरवणी म्हणून शेवटी जोडतील.

पुढचे तक्ते पुन्हा शंकाराव मांडेल. साहेबांनी हे दुसरीकडं बघत सांगितलं. रंग ठेवू म्हणाले, मी निवडलेला.

आत्याचं नातंही सांगून टाकलं. साहेब म्हणाले, मग तर तुम्ही जास्त नीट बघायला हवं होतं.

२७ फेब्रुवारी

आत्याकडं जायचा निश्चय केला. डोकं दुखत होतं. गेले नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

गेले. चढ चढताना काय बोलायचं ते तीनदा मांडून घेतलं, एकही मांडणी दारापर्यंत टिकली नाही.

आत्या शिडीवर होती. बाकांवर पुस्तकांचे गठ्ठे, सुतळीनं बांधलेले. कपाटं अर्धी रिकामी, आणि भिंतीवर जिथं कपाट हललं तिथं जुन्या रंगाचा चौकोन. मी खाली उभी राहून सगळं एका दमात सांगितलं. त्र्याण्णव टक्के, आत्या, पंचेचाळीसातले बेचाळीस. तुझे त्र्याण्णव आहेत. पहिली आहेस तू.

ती शिडीवरच बसली. त्र्याण्णव? म्हणाली. मनाशी हिशेब केला. मग: म्हणजे तिघं नाराज. ते तिघं कोण गं?

मी म्हटलं, नावं नसतात त्यात.

एक तो खिडकीपाशी बसणारा असणार, ती म्हणाली, त्याच्या डोळ्यांवर ऊन येतं, पडदा लाव म्हणून किती दिवस मागं लागला होता, राहूनच गेलं माझं. दुसरी ती गुडघे दुखणारी. तिला हवी ती पुस्तकं नेमकी वरच्या फळीवर. तिसरा कोण, तिला सापडेना. शिडीवर बसून बोटं मोजत राहिली. मला ओरडायचं तिच्या मनातच येईना. मी वाट बघत होते.

शेवटी मीच म्हटलं, आत्या, तू म्हणाली होतीस ना, ही पोरगी कपाट फार सुंदर लावते म्हणून?

ती हसली. म्हणाली होते की. तुझ्या बाबांना. तू सगळी पुस्तकं उंचीप्रमाणं लावून ठेवली होतीस, लहान ते मोठं, काय देखणं दिसत होतं! दोन दिवस मला एक पुस्तक सापडलं नाही. म्हटलं, ही पोरगी कपाट फार सुंदर लावते, पण एकही पुस्तक उघडून बघत नाही.

मग म्हणाली, ते बाकावरचं पुस्तक दे जरा, आणि मी दिलं, आणि तिला हवं होतं ते नव्हतं ते.

२ मार्च, रविवार

गाडी उद्या येणार. मुख्य शाखेत आत्याला एक कोपरा देतायत, चार कपाटांचा. पुस्तकं तिथं पुन्हा लावावी लागतील.

शंकारावाला फोन केला. त्यानं विचारलं, रविवारी? नक्की तुम्हीच ना? मी म्हटलं, मीच. दुरुस्त तक्त्याची एक प्रत त्या मंडळातल्या बाईंना पाठवू या का, म्हटलं. तो म्हणाला, उपयोग होणार नाही, पण पाठवू या. त्याला शंका नाही असं मी पहिल्यांदाच ऐकलं.

सकाळपासून आत्याला चार ओळी लिहितेय. खोडतेय. ती नाही म्हणेल. म्हणेल, अगं, तू कशाला, माणसं आहेत ना. किंवा नुसतं हसेल, ते जास्त कठीण. माझ्यावर कपाट सोडायला ती काही वेडी नाही. तरी हे पाठवते:

आत्या, उद्या नव्या कोपऱ्यात पुस्तकं लावायला मी येऊ का? लावायची तू, मी फक्त हातात देईन. एकेक उघडून बघून.